किब्ल्याचा कोन

दोन शहरांमधलं हवाई अंतर काढायला चार आकडे पुरतात: दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि दोन्ही ठिकाणांचे रेखांश. मुंबईचा विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेद्दाहचा २१.६८ उत्तर, ३९.१६ पूर्व. रेखांशांतला फरक ३३.७१ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशफरकाच्या कोसाइनने गुणायचं. दोहोंची बेरीज येते ०.८५१३. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन ३१.६४ अंशांचा. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की ३,५१८ किलोमीटर. विमान प्रत्यक्षात याहून थोडं जास्त उडतं, कारण ठरलेले हवाई मार्ग आणि वारा त्याला पाळावे लागतात. पण दोन गावांमधलं जमिनीवरचं सगळ्यात कमी अंतर एवढंच.

कोकणातल्या खाडीकाठच्या एका हायस्कुलात मी गणित आणि भूगोल शिकवत आलो. आमच्या भागात घरटी एक माणूस परदेशात. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाची लेक टोरांटोला. तिकिटाचं बोलणं निघालं की लोक विचारतात, "सर, किती पडेल?" फोन एका क्षणात उत्तर देतो हे त्यांनाही माहीत असतं. तरी विचारतात, आणि मी कागद-पेन्सिल काढतो, कारण या गणितात एक गोष्ट दडलेली आहे जी नुसत्या उत्तरात दिसत नाही. हा त्रिकोणाचा हिशोब आहे. एक कोपरा मुंबई, दुसरा जेद्दाह, आणि तिसरा उत्तर ध्रुव. मुंबईहून जेद्दाहला जाणाऱ्या कुणालाही ध्रुवाशी काही देणंघेणं नसतं. पण तो तिसरा बिंदू धरल्याशिवाय आपण आणि आपलं ठिकाण यांच्यातलं नातं मांडताच येत नाही.

त्याच त्रिकोणातून दुसरं एक उत्तर निघतं, आणि मुसलमान म्हणून माझ्या दृष्टीने ते जास्त मोलाचं. आपल्या पायाखालचा कोपरा किती अंशांचा, म्हणजेच त्या ठिकाणाकडे तोंड करायचं तर उत्तरेपासून किती वळायचं. जेद्दाहच्या जागी मक्का ठेवली की हाच किब्ला. मुंबईपासून मक्का सुमारे ३,४५० किलोमीटर, आणि दिशा पश्चिमेपासून दहा अंश उत्तरेकडे कललेली. अंतर आणि किब्ला एकाच मांडणीतून निघतात.

आमच्या शाळेत संस्कृतचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत त्यांनी एकदा मला अगदी मनापासून विचारलं, "ईश्वर सर्वत्र आहे असं तुम्ही मानता. मग दिशेचा एवढा हिशोब कशाला?" हा प्रश्न मी आयुष्यभर बाळगला. तो टाळण्यासारखा नाही. कुराणात ज्या सूरह बकरामध्ये मक्केतल्या काबागृहाकडे तोंड करण्याची आज्ञा आहे, त्याच सूरहमध्ये पूर्व आणि पश्चिम दोन्ही अल्लाहच्याच असल्याचं सांगितलं आहे, आणि नुसतं तोंड इकडे-तिकडे वळवण्यात पुण्य नाही हेही बजावलं आहे. आज्ञा आणि तिची मर्यादा शेजारी-शेजारी ठेवलेली आहेत. मला जे उत्तर सुचलं ते असं: अल्लाहला दिशा नाही, पण मला आहे. मला एकच तोंड आहे आणि ते एका वेळी एकाच बाजूला असतं. शरीराने नमाज पढायची म्हटल्यावर कुठेतरी पाहणं आलंच. मग ते आपल्या लहरीने पाहायचं, की जगातल्या सगळ्या नमाजींना सांगितलेल्या एका ठिकाणाकडे? दुसरा मार्ग पत्करला की हिशोब आला.

माझी लेक न्यू जर्सीत राहते. तिथे कोकणी, हैदराबादी, इजिप्शियन अशा मिश्र वस्तीची एक छोटी मशीद आहे. तिथे गालिचे बदलायचे ठरले आणि त्यावरून वाद पेटला. जुने गालिचे आग्नेयेकडे, म्हणजे पूर्वेपासून किंचित दक्षिणेला अंथरलेले होते. तरुण मंडळी म्हणाली, किब्ला ईशान्येला आहे. वयस्कर मंडळी संतापली. त्यांचा मुद्दा सरळ होता: आपण ४० अक्षांशावर, मक्का २१ वर. ती आपल्या दक्षिणेला आहे. दक्षिणेला असलेल्या ठिकाणासाठी उत्तरेकडे तोंड कसं करायचं? लेकीने फोन केला. "अब्बा, इथले एक चाचा म्हणतात की नकाशात बघा, रेघ मारा. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, नकाशा बाजूला ठेव आणि गोल घे. दोऱ्याचं एक टोक शेजारच्या न्यूयॉर्कवर धर, दुसरं टोक मक्केवर, आणि ताण. दोरा आपोआप सरकून बसतो. न्यूयॉर्कहून तो ईशान्येला निघतो, न्यूफाउंडलंडवरून अटलांटिकमध्ये शिरतो, फ्रान्सवरून भूमध्य समुद्रात उतरतो, इटलीच्या दक्षिण टोकाजवळून, इजिप्तवरून, तांबडा समुद्र ओलांडून मक्केला पोचतो. निघतानाचा कोन उत्तरेपासून पूर्वेकडे ५८ अंश. लांबी सुमारे १०,३०० किलोमीटर. होकायंत्राचा एकच कोन धरून, म्हणजे नकाशावर सरळ दिसणाऱ्या रेघेने गेलं, तर साडेसहाशे किलोमीटर जास्त पडतात. नकाशावरची ती रेघ कागदाला सरळ आहे. पृथ्वीला सरळ आहे तो दोरा. वॉशिंग्टनला १९५७ साली खुली झालेली इस्लामिक सेंटरची मशीद या हिशोबाने बांधली आहे. मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर ती रस्त्याला समांतर नाही, तिरकी उभी आहे.

मुंबई ते न्यूयॉर्कचंही हेच. मुंबईहून ते साडेबारा हजार किलोमीटर. नकाशा पाहणाऱ्याला वाटतं, विमान पश्चिमेला जाणार. जवळची वाट मात्र उत्तरेपासून अवघे २७ अंश पश्चिमेकडे कललेली निघते आणि फेरो बेटांच्या उत्तरेने आइसलंडवरून, ६५ अक्षांशाच्या आसपास चढून जाते. वारा किंवा बंद असलेलं एखादं आकाश यामुळे विमानं त्या रेघेपासून सरकतात, ते वेगळं. पण ज्या रेघेवर तिकिटाचं अंतर मोजलेलं मान्य करतो, तीच रेघ नमाजेला का नाकारायची, हे मला कधी कळलेलं नाही.

त्या चाचांशी मग मी स्वतः बोललो. त्यांना गोल समजत होता, दोराही समजला होता. त्यांची अडचण गणिताची नव्हतीच. बोलता बोलता गप्प झाले आणि म्हणाले, "सर, तीस वर्षं मी त्या बाजूला तोंड करून पढलो. माझी बायको त्याच बाजूला तोंड करून पढली आणि गेली. आता तुम्ही सांगता ती दिशाच नव्हती. मग त्या नमाजांचं काय?"

माझ्या मते या विषयातला खरा धार्मिक प्रश्न हा आहे. कोनाचा प्रश्न सोपा आहे, दहावीच्या मुलालाही शिकवता येतो. आयुष्यभर प्रामाणिकपणे केलेली गोष्ट चुकीच्या दिशेला होती असं उशिरा कळलं, तर त्या आयुष्याची किंमत काय, हा अवघड आहे. या भीतीपोटी माणसं हिशोबाशी भांडतात. बाहेरच्याला तो अडाणीपणा वाटतो. मला त्यात निष्ठा दिसते, आणि म्हणून अशा माणसाला आकड्यांनी गप्प बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

याचं उत्तर इस्लामच्या पहिल्या पिढीतच मिळतं. मदिनेत आल्यावर प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथी सुरुवातीला जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. मदिनेहून जेरुसलेम उत्तरेला. हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास काबागृहाकडे वळण्याची आज्ञा झाली. मदिनेहून मक्का दक्षिणेला. म्हणजे जवळपास पूर्ण पाठमोरं व्हायचं होतं. कुबा इथे लोक पहाटेची नमाज पढत असताना एकाने येऊन ही बातमी सांगितली, आणि लोक नमाजेतच वळले. नमाज तोडली नाही, पहिल्यापासून सुरू केली नाही. अर्धी नमाज एका दिशेला, अर्धी दुसऱ्या, आणि ती एकच नमाज. त्याआधी वारलेल्यांच्या नमाजांचं काय, हा चाचांचा प्रश्न तेव्हाही लोकांना पडला होता. तिथेच कुराणात दिलासा आहे की त्यांची श्रद्धा वाया जाणार नाही, आणि भाष्यकार त्यात आधीच्या नमाजा धरतात. मदिनेत मस्जिद अल-किबलतैन, दोन किब्ल्यांची मशीद, आजही उभी आहे.

कुबाच्या त्या लोकांनी दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. आधीचं खोटं मानलं नाही, आणि कळल्यावर एक क्षणही थांबले नाहीत. चाचांना मी एवढंच सांगितलं. ते पहिली गोष्ट मागत होते, तरुण दुसरी मागत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की एक घेतली तर दुसरी सोडावी लागेल.

हिशोब करणं म्हणजे अल्लाहवरचा भरवसा कमी असणं, असंही काही लोक म्हणतात. नियत साफ असली की झालं. हे मला पटत नाही. ज्याला समजायची सोय आहे त्याने न समजून घेता 'नियत साफ आहे' म्हणून सोडून देणं हा आळस आहे, आणि आळसाला नम्रतेचं नाव देऊ नये. अल-बिरूनीने तसं केलं नाही. ९७३ साली ख्वारिझममध्ये जन्मलेला हा माणूस. गझनीचा किब्ला काढायचा तर गझनी आणि मक्का यांच्या रेखांशांतला फरक हवा, आणि त्या काळी रेखांश मोजणं महाकठीण. त्याने काफिल्यांच्या वाटांची अंतरं घेतली, वाटा वळणाच्या म्हणून त्यात वजावट केली, गावागावांचे अक्षांश जोडत त्रिकोणामागून त्रिकोण सोडवले, आणि १०२५ साली स्थळांचे अक्षांश-रेखांश ठरवण्यावरचा 'तहदीद' हा ग्रंथ पूर्ण केला. आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्यावरून त्याने डोंगराची उंची आणि क्षितिज किती खाली झुकतं तो कोन मोजून पृथ्वीची त्रिज्या काढली. तो संस्कृत शिकला, ब्रह्मगुप्त वाचला, आणि देशांतर काढण्याच्या इथल्या रीती त्याने आपल्या हिंदुस्थानवरच्या ग्रंथात नोंदवून तपासल्या. महमूद गझनीचं नाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याच्याच दरबारातला हा माणूस पोरांना माहीत नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या टोकाला हल्लीचे काही तरुण आहेत. फोनमध्ये बाण दिसतो, अंशाचा दशांश दिसतो, आणि बाण एवढासा हलला की ते सफ, म्हणजे नमाजेची रांग, मोडून उभे राहतात. त्यांना मी दुसरा हिशोब दाखवतो. मुंबईहून एका अंशाची चूक झाली तर मक्केजवळ ती ५७ किलोमीटरची होते. काबागृहाची एक बाजू अकरा ते तेरा मीटरची. एवढ्या अंतरावरून त्या भिंतीला नेमकं तोंड करणं कुठल्याच माणसाच्या हातात नाही. श्वास घेतानासुद्धा खांदा त्याहून जास्त हलतो. त्यात लोखंडी गजाच्या खिडकीशी किंवा कर्ण्याच्या चुंबकाजवळ फोन धरला तर बाण वाटेल तिकडे वळतो. न्यू जर्सीत तर होकायंत्राची सुई मुळातच खऱ्या उत्तरेपासून बारा-तेरा अंश पश्चिमेला असते.

इस्लामी धर्मशास्त्राच्या मतपरंपरांपैकी आम्ही कोकणी मुसलमान शाफिई. बहुतेक हिंदुस्थानी मुसलमान हनफी. हनफी मताप्रमाणे दूरच्या माणसाला काबागृहाची बाजू साधली की पुरे. शाफिई मत काबागृहालाच तोंड हवं म्हणतं, पण दूरच्याने शक्य तेवढा शोध घेऊन जी खात्री होईल तिच्यावर उभं राहायचं. लहानपणी मला हे आमच्यावर लादलेलं जास्तीचं ओझं वाटायचं. आता त्यात मोठा समंजसपणा दिसतो. लक्ष्य नेमकं आहे आणि ते सैल करायचं नाही. मागणी मात्र प्रयत्नाची आहे. २००७ साली मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर अंतराळ स्थानकात गेले, तेव्हा तिथल्या धर्मपंडितांनी हाच क्रम घालून दिला होता: जमलं तर काबागृह, नाहीतर त्याच्या वरचं आकाश, नाहीतर पृथ्वी, आणि तेही नाही जमलं तर जिथे तोंड असेल तिथे. दीड तासात पृथ्वीला फेरी मारणाऱ्या माणसालाही आधी प्रयत्न सांगितला आणि मग सवलत दिली.

'किब्ला म्हणजे पश्चिम' हे आमच्याकडे हाडीमासी खिळलेलं आहे. पण दिल्लीहून तो पश्चिमेपासून तीनेक अंश दक्षिणेला, मुंबईहून दहा अंश उत्तरेला. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर, तरी नागपूरहूनही तो नेमक्या पश्चिमेला नाही, आठ अंश उत्तरेला आहे. मुंबईत ठाक पश्चिमेला तोंड करून नजर सरळ नेली तर ती येमेनवरून तांबड्या समुद्रात इरिट्रियाच्या बाजूला उतरते, मक्केपासून साडेपाचशे किलोमीटरहून दूर. आणि मक्केच्या बरोबर उलट, पॅसिफिकमध्ये फ्रेंच पॉलिनेशियातल्या तेमातांगी बेटाजवळ, पृथ्वीवर असा एक बिंदू आहे जिथे कुठेही तोंड करा, मक्का सारखीच दूर, वीस हजार किलोमीटर.

आमच्या खाडीच्या तोंडाशी दाभोळ. विजापूरची शाहजादी आयेशा बीबी मक्केला निघाली, समुद्र धोक्याचा म्हणून दाभोळला अडकली आणि बरोबरचा पैसा तिने तिथेच मशिदीत घातला, अशी आख्यायिका तिथल्या शाही मशिदीबद्दल सांगतात. कथा खरी की कशी, मी त्यात शिरत नाही. मला त्यातली बाई समजते. जाता आलं नाही, तेव्हा तिने तोंड करण्याची जागा बांधली. पुढे मुंबईहून हाजींची जहाजं १९९५ पर्यंत जात होती, एडनच्या बाजूने वळसा घालून. आज विमान साडेपाच तासांच्या आत उतरवतं. अंतर कापायला पैसा लागतो. दिशा मात्र गरिबाला फुकट मिळते, फक्त ती काढावी लागते.

आणि ती काढायला गणितही लागत नाही. वर्षातून दोन वेळा सूर्य काबागृहाच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी जिथे जिथे सूर्य दिसतो, तिथे सूर्याची दिशा हाच किब्ला. आमच्या गावच्या मशिदीत आम्ही हे करून पाहिलं. मे महिना, जुहरची नमाज झालेली, अंगणातला जांभा तापून पाय ठेवू देत नव्हता. गवंड्याचा ओळंबा बांबूच्या तिकाटण्याला टांगला. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने तो हलायला लागला, तेव्हा एका पोराने बादलीभर पाणी आणून खालचा गोळा त्यात बुडवला, आणि दोरी स्तब्ध झाली. मिनिट भरलं तसा मी दोरीच्या सावलीवर खडूने दोन खुणा केल्या. खुणा जोडून रेघ सुतळीने आत नेली आणि शाळेतलं फळ्यावरचं मोठं कोनमापक लावलं. मशिदीची किब्ल्याकडची जुनी जांभ्याची भिंत ठाक पश्चिमेला होती. सावलीची रेघ तिच्यापासून बाराएक अंश उत्तरेकडे निघाली, आमच्या गावासाठी कागदावर जितकी आली होती तितकीच.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पेशइमाम साहेबांनी जमातीला विचारून ठरवलं: मेहराब, म्हणजे किब्ला दाखवणारा भिंतीतला कोनाडा, आहे तिथेच राहील, ज्यांनी तो बांधला त्यांनी त्यांच्या परीने शोध घेतला होता. सफांच्या रेघा नव्या कोनात आखायच्या. कोर्दोव्यातही असंच घडलं होतं. आठव्या शतकात बांधायला घेतलेल्या तिथल्या मोठ्या मशिदीचा रोख खऱ्या किब्ल्यापासून बराच दक्षिणेला आहे, आणि पुढच्या पिढ्यांनी गणित येत असूनही तिच्या जुन्या भिंती पाडल्या नाहीत. आमच्या मशिदीत आता तिरक्या रेघा आहेत. नवा पाहुणा आला की विचारतो, आणि लहान मुलंसुद्धा त्याला कारण सांगतात.

तुमच्या मशिदीत, घरात, किंवा नुसत्या कुतूहलाने तुमच्या गच्चीवर तुम्हीही हे करून पाहा. तारीख २७ किंवा २८ मे, भारतीय वेळ दुपारी २ वाजून ४८ मिनिटं. दुसरी संधी १५ किंवा १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनी असते, पण तेव्हा कोकणात सूर्य दिसणं कठीण. घड्याळ आधी मोबाइलच्या वेळेशी जुळवून घ्या, ओळंबा जड घ्या, आणि पाण्याची बादली विसरू नका.